पूरमदतीच्या ग्रामसभेत आपले म्हणणे कसे मांडावे

पूर ओसरून घरातला गाळ निघाला, ग्रामपंचायतीच्या फलकावर नुकसानग्रस्तांची यादी लागली आणि ग्रामसभेची दवंडी फिरली की गावात एकच चर्चा सुरू होते, ती म्हणजे कोणाचे नाव आले आणि कोणाचे राहिले. पारावर, दूध डेअरीवर आणि पिठाच्या गिरणीत ही चर्चा कितीही रंगली तरी तिच्याने यादीतला एक आकडाही बदलत नाही. तेच म्हणणे सभेत, मुद्द्याला धरून आणि इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने मांडले, तर मात्र ते तहसील कार्यालयापर्यंत जाऊ शकते. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठावर २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर आले. त्यांतल्या शेवटच्या दोन पुरांनंतरच्या ग्रामसभांना मी श्रोता म्हणूनही बसलो आहे आणि इतरांचे अर्ज लिहून देणारा म्हणूनही. पुढचा मजकूर त्या अनुभवातून आलेला आहे. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरात सापडलेल्या सोलापूर-धाराशिवकडच्या गावांनाही त्यातले बरेचसे लागू पडेल.

सभेच्या हाती काय आहे आणि काय नाही

मदतीचे दर ग्रामसभा ठरवत नाही, आणि हे आधी समजून घेतले नाही तर सगळी सभा त्यातच जाते. दर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांतून येतात. महाराष्ट्रासाठी या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या निकषांत ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालेल्या जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत पिकाला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत, असे दर होते. मोठ्या दुभत्या जनावरासाठी ३७,५०० रुपये आणि ओढकामाच्या जनावरासाठी ३२,००० रुपये होते. राज्य सरकार स्वतःच्या तिजोरीतून यात भर घालू शकते; ऑक्टोबर २०२५ मध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले तेव्हा पिकांसाठीची मर्यादा तीन हेक्टरांपर्यंत वाढवण्यात आली. म्हणून सभेला जाण्यापूर्वी आपल्या पुरासाठी निघालेला शासन निर्णय शोधून वाचावा. मागच्या पुराचे दर तोंडपाठ असलेला माणूस सभेत मोठ्या आवाजात बोलतो आणि हमखास चुकतो.

सभेच्या हाती दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे यादीतल्या चुका आणि राहिलेली नावे नोंदवून फेरपंचनाम्याची मागणी करणे. अंतिम निर्णय तहसीलदारांचा असला, तरी एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा ठरावासोबत गेलेल्या अर्जाकडे कार्यालय वेगळ्या नजरेने पाहते. दुसरी गोष्ट म्हणजे गावाच्या सामाईक नुकसानीची, म्हणजे खचलेला पाणंद रस्ता, वाहून गेलेला मोरीपूल, नळपाणी योजनेची बुडालेली जॅकवेल आणि शाळेची खोली यांची दुरुस्ती मागणे. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्ती निधीची जी विभागणी सुचवली, तिच्यात ४० टक्के प्रतिसाद आणि तातडीच्या मदतीसाठी, ३० टक्के पुनर्प्राप्ती आणि पुनर्बांधणीसाठी, १० टक्के पूर्वतयारीसाठी आणि उरलेले २० टक्के आपत्ती सौम्यीकरणासाठी, म्हणजे पुढच्या आपत्तीची झळ कमी करण्यासाठी, ठेवले आहेत. याचा अर्थ सरळ आहे. सरकारी हिशेबात पुनर्बांधणीचा कप्पा वेगळा आहे, आणि सानुग्रह अनुदानाच्या भांडणात गावाने त्या कप्प्यातले काही मागितलेच नाही, तर ते आपणहून कोणी आणून देणार नाही.

कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या दरवाजांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. आमच्या भागातल्या ग्रामसभेत तो विषय निघाला नाही असे सहसा होत नाही, आणि एकदा निघाला की तासभर तोच चालतो. पुराच्या कारणांवर वडनेरे समितीचा अहवाल आहे, दोन राज्यांतला वाद आहे आणि त्यावर बोलायला इतर व्यासपीठेही आहेत. ज्या सभेला तहसील कार्यालयाचा माणूस अर्ध्या दिवसासाठी आला आहे, तिथे हा विषय पुढच्या वेळेसाठी ठेवावा, अशी सूचना एखाद्या वडीलधाऱ्याने सुरुवातीलाच केली तर गावाचे भले होते.

यादी वाचणे

ग्रामसभेची नोटीस नियमाप्रमाणे सात दिवस आणि विशेष सभेची चार दिवस आधी निघते. तेवढे दिवस यादी नीट वाचण्यासाठी वापरावेत. यादीचा मोबाइलवर फोटो काढून घरी निवांत वाचावी, कारण फलकासमोरच्या गर्दीत आपले नाव दिसले की माणूस समाधानाने मागे फिरतो आणि नावापुढचे रकाने बघायचे राहून जातात. खरा घोळ त्या रकान्यांतच असतो.

शेतीच्या यादीत गट क्रमांक, पीक आणि बाधित क्षेत्र हे तीन रकाने सातबारा आणि आठ-अ शेजारी ठेवून तपासावेत. एका शेजाऱ्याच्या नावापुढे बाधित क्षेत्र ०.४० हेक्टर लिहिलेले होते, प्रत्यक्षात ०.८० हेक्टर ऊस पाण्याखाली होता. बागायतीच्या दराने आरला, म्हणजे हेक्टरच्या शंभराव्या भागाला, १७० रुपये धरले तर त्या एका अंकाने ६,८०० रुपये जात होते. जिरायत आणि बागायत यांतली चूक तर रक्कम थेट निम्म्यावर आणते. सामाईक खाते असेल तर मदत कोणाच्या नावे जमा होणार हे भावाभावांनी आधी ठरवून संमतीपत्र तयार ठेवावे, नाहीतर यादी बरोबर असूनही पैसे अडकून पडतात. वाट्याने किंवा खंडाने शेत करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, त्यामुळे त्याची अडचण सर्वांत मोठी असते. त्याने सभेत बोलायचे असेल तर जमीनमालकाला सोबत घेऊनच बोलावे.

घरांच्या यादीत एकच शब्द पाहायचा असतो, तो म्हणजे ‘पूर्णतः’ की ‘अंशतः’. वर सांगितलेल्या निकषांत सपाट प्रदेशातल्या पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये होते, तर किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. एका शब्दात लाखाहून अधिकचा फरक आहे. कपडे आणि भांड्यांसाठी प्रत्येकी २,५०० रुपयांची मदत घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात राहिले तरच मिळत होती, म्हणून ‘पाणी किती दिवस होते’ हा रकानाही वाचावा.

उशिरा दिसणारे नुकसान

ग्रामसभेत बोलण्यासारखी सर्वांत महत्त्वाची बाब माझ्या मते हीच आहे. पंचनामा लवकर होतो आणि नुकसान मात्र सावकाश उघडे पडते. उसाचेच पाहा. पाणी उतरल्यावर आठ दिवस ऊस हिरवा दिसतो. तलाठी आणि कृषी सहायक बांधावरून पाहतात, पाने हिरवी आहेत, म्हणून नुकसान कमी लिहितात. पण पाणी शेंड्यावरून गेलेले असेल तर पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत, गाळ बसलेला असतो. पंधरा दिवसांनी तो पोंगा ओढला की सहज हातात येतो, त्याचे बूड कुजलेले असते आणि वास मारते, आणि मग त्या उसाची वाढ संपलेली असते. घराचेही तसेच होते. पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात असताना उभ्या राहतात आणि ऊन पडून सुकू लागल्या की तडकून बसतात. आमच्या गल्लीत एका मावशींच्या घराचा पंचनामा झाला तेव्हा भिंतीला फक्त ओल होती, म्हणून ‘अंशतः’ असा शेरा पडला. बाराव्या दिवशी पहाटे माजघराची अख्खी भिंत आत आली. मावशी त्या रात्री लेकीकडे झोपायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. शेरा मात्र तोच राहिला, कारण सभेत त्यांच्या वतीने बोलणाऱ्या पुतण्याने भिंतीविषयी एक शब्द न काढता शेजाऱ्याला किती मिळाले यावरच बोलणे केले.

अशा नुकसानीचा पुरावा आधीपासून जमवावा लागतो. पाणी उतरले की भिंतीवर मातकट रेघ राहते. ती धुण्याआधी कोळशाने किंवा खिळ्याने शेजारी तारीख लिहावी, जमिनीपासून रेघेपर्यंत टेप लावून फोटो घ्यावा आणि त्या फोटोत घराची ओळख पटेल असे काही, म्हणजे दरवाजा किंवा विजेचे मीटर, येऊ द्यावे. शेताचे फोटो एकाच जागेवरून तीनदा घ्यावेत, पाणी असताना, उतरल्यावर आणि पंधरा दिवसांनी. पाणी किती दिवस होते हे सांगताना नदीच्या पातळीचा आधार घेता येतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलावर कृष्णेची इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पुराच्या काळात या ठिकाणच्या पातळ्या प्रशासन रोज जाहीर करते. किती फुटांवर आपल्या गल्लीत पाणी शिरते हे गावात जुन्या माणसांना ठाऊक असतेच, त्यामुळे तारखांची सांगड घालणे अवघड जात नाही. जनावर वाहून गेले असेल आणि शव सापडले नसेल, तर कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक आणि डेअरीचे दूधपुस्तक जवळ ठेवावे. ज्या म्हशीचे दूध आठवड्यापूर्वीपर्यंत डेअरीला जात होते, ती होती की नव्हती असा प्रश्न मग कोणी विचारत नाही.

खोटे मात्र काहीही सांगू नये. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५२ खाली मदतीसाठी जाणूनबुजून खोटा दावा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. त्याच कायद्याचे कलम ६१ सांगते की मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. एखादी वस्ती पुरात असूनही यादीत आली नसेल तर या कलमाचा क्रमांक शांतपणे उच्चारावा. आरडाओरड्यापेक्षा त्याची दखल लवकर घेतली जाते.

सभेत उभे राहिल्यावर

सभेच्या दोन-तीन दिवस आधी ग्रामसेवकांना, ज्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे, एक साधा अर्ज द्यावा. ‘पूरबाधितांच्या यादीतील दुरुस्त्या’ आणि ‘सार्वजनिक नुकसानीची कामे’ हे दोन विषय विषयपत्रिकेवर घ्यावेत आणि तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, तसेच कृषी सहायक यांना सभेस उपस्थित राहण्याबाबत कळवावे, एवढाच त्यात मजकूर असावा. पोच घ्यायला विसरू नये. विषय आयत्या वेळी काढला तर ‘पुढच्या सभेत घेऊ’ हे उत्तर तयार असते, आणि पुढची सभा येईपर्यंत निधीचे वाटप होऊन गेलेले असते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. तेव्हा आपापल्या गल्लीतली माणसे आणावीत आणि हजेरी पुस्तकात सही करूनच खाली बसावे.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते आणि ती बहुतेक ठिकाणी दहा मिनिटांत उरकली जाते. ती उरकू देऊ नये. वेगळ्या चुलीवर राहणाऱ्या विधवा आणि परित्यक्ता यांची नावे सासऱ्याच्या किंवा दिराच्या घरात मिसळून जातात, आणि भरसभेत दिरासमोर उभे राहून ते सांगणे एखादीला जमत नाही. महिला सभेत त्यांची नावे आणि वेगळी शिधापत्रिका यांची नोंद झाली, की तो विषय घरातले भांडण न राहता सभेची शिफारस होऊन पुढे जातो.

बोलायचे ते एका कागदावर आधी लिहून काढावे. कागदावर चारच गोष्टी असाव्यात : यादीतला अनुक्रमांक, काय लिहिले आहे, काय असायला हवे आणि त्याचा पुरावा कोणता. त्यानंतर एका वाक्यात मागणी. प्रत्यक्ष बोलणे साधारण असे असावे :

‘सरपंच साहेब, भाऊसाहेब, माझे म्हणणे घरांच्या यादीतल्या अनुक्रमांक ४२ विषयी आहे. पंचनामा झाला त्या दिवशी भिंत उभी होती म्हणून अंशतः नुकसान अशी नोंद झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानंतर बाराव्या दिवशी मधली भिंत पडली आणि छपराचे वासे खाली आले. तारखेसह फोटो आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. या घराचा फेरपंचनामा व्हावा अशी विनंती आहे आणि माझे हे म्हणणे इतिवृत्तात घ्यावे.’

यातले ‘त्याबद्दल माझी तक्रार नाही’ हे वाक्य मुद्दाम घातले आहे. पंचनामा करणारे तलाठी बहुधा समोरच बसलेले असतात. दहा गावांचे पंचनामे चिखल तुडवत आठवड्यात उरकलेल्या माणसावर भरसभेत आरोप केला, की तो आपली पहिली नोंद राखायला बसतो. नोंदीनंतर परिस्थिती बदलली असे म्हटले तर त्याला दुरुस्ती करायला वाट राहते. अर्थात पंचनामा झालाच नसेल, किंवा एका जागी बसून यादी केली असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे. पण त्यासाठी पंच म्हणून कोणाच्या सह्या आहेत हे आधी पाहून यावे. दुसऱ्याचे नाव यादीत कसे आले हा प्रश्न आपल्या मागणीबरोबर मिसळू नये. तो विचारण्याचा हक्क आहेच, परंतु एकाच दमात दोन्ही बोलले की सभा भांडणाकडे वळते आणि आपला अनुक्रमांक मागे राहतो. एकाच प्रकारचे नुकसान असलेल्या वीस जणांनी वीस वेळा बोलू नये. एकाने बोलावे आणि बाकीच्यांच्या गट क्रमांकांचा तक्ता जोडावा.

ठराव शब्दांत लिहून न्यावा

सभेने ‘हो, हो’ म्हटले म्हणजे ठराव झाला असे नाही. इतिवृत्त ग्रामसेवक नंतर लिहितात, आणि ‘पूरबाधितांच्या अडचणींवर चर्चा झाली’ या एका ओळीत सगळी सभा मावू शकते. म्हणून ठरावाचा मसुदा घरूनच लिहून न्यावा, वाचून दाखवावा आणि सूचक, अनुमोदक यांची नावे तिथेच घालून घ्यावीत. उसासाठीचा मसुदा असा करता येईल :

‘नदीकाठच्या शेतांतील ऊस पिकाचे पंचनामे पूर ओसरल्यानंतर लगेच झाले असून, पोंग्यात गाळ बसल्यामुळे त्यानंतर पीक वाळल्याचे दिसून आले आहे. तरी सोबतच्या तक्त्यातील गटांचे फेरपंचनामे कृषी व महसूल विभागाने संयुक्तपणे करावेत, अशी विनंती ही ग्रामसभा मा. तहसीलदार यांना करीत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर.’

सार्वजनिक कामांचा ठराव मात्र निराळा करावा आणि त्यात कामांची लांबलचक जंत्री देऊ नये. तीन कामे, त्यांची नेमकी जागा, पुरात काय मोडले आणि ते न झाल्यास पुढच्या पावसाळ्यात काय अडेल, एवढे लिहावे. ‘गावातील सर्व रस्ते दुरुस्त करावेत’ या वाक्याचे अंदाजपत्रक कोणताही शाखा अभियंता करू शकत नाही. ‘स्मशानभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील ओढ्याची मोरी वाहून गेली आहे’ याचे तो करू शकतो.

इतिवृत्ताची प्रत मागावी. सहजी मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करावा. माहिती देण्यासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे. ठरावाची प्रत आणि स्वतःचा अर्ज जोडून तहसील कार्यालयात द्यावा आणि आवक क्रमांक घ्यावा. पंधरा-वीस दिवसांत काही हालचाल दिसली नाही तर लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी तिसऱ्या सोमवारी होणाऱ्या तालुका लोकशाही दिनात आणि तिथेही भागले नाही तर पहिल्या सोमवारच्या जिल्हा लोकशाही दिनात अर्ज करता येतो. नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या हद्दीत ग्रामसभा नसते, तिथल्या रहिवाशांना थेट याच वाटेने जावे लागते. अर्जाची पद्धत तीच.

पैसे मंजूर होऊनही खात्यावर आले नाहीत तर सभेला दोष देण्याआधी बँकेत आधार जोडणी तपासावी आणि यादीत आपल्या नावापुढे दिलेला ‘विशिष्ट क्रमांक’ घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी झाली आहे का ते पाहावे. फोटो, पोच, ठरावाची प्रत आणि पासबुकाच्या पानाची झेरॉक्स एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी माळ्यावर ठेवावी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नये. २०१९ च्या पुराची आमच्या गल्लीतली निम्मी कागदपत्रे २०२१ च्या पुरात भिजली.